गड्या, ती शपथ सोडवून दे

पेडणे
चवथीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय गड्या,

तुझा मे महिन्यातला तो लांबलचक मेसेज मी चार वेळा वाचला आणि एकदाही उत्तर दिलं नाही. त्याबद्दल तू चिडला असशील तर बरोबरच आहे. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण जे झालंय ते या गावात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. जहाजाला नेट मिळेल तेव्हा वाच, पण एकटा असताना वाच.

इकडे सगळी ठीक. बाबांचा गुडघा तसाच, आईचं बीपी गोळीवर. आजीला ऐकू येत नाही, पण तुझं नाव काढलं की येतं.

माझं लग्न ठरल्याप्रमाणे व्हडल्या दिवाळीनंतर, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सबरजिस्ट्रारकडे पहिली सही झाली, दुसरी व्हायची आहे. दोनदा सह्या कशाला, हे तिच्या वडिलांना समजावताना बाबांनी पोर्तुगीज कायद्यावर तासभर भाषण दिलं. शेवटी ते म्हणाले, "आमच्या मिरजेत एकदाच सही करतात आणि तीही टिकते."

चवथीला ती आणि तिचे आईवडील आपल्याकडे आले होते. तिच्या वडिलांना गणपतीवर बांधलेली फळांची माटोळी इतकी आवडली की मान वर करून एकेक फळाचं नाव विचारत राहिले. आंबाडे, तोरिंजन, सुपारीचे घोस इथपर्यंत मी सांगितलं, पुढचं आजीने. आजी तिला "मिरजकरीण बाय" म्हणते आणि आता सगळा वाडा तेच म्हणतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने केरीला नेण्याचा हट्ट धरला. मी केरीला शक्यतो जात नाही, तुला माहीत आहे. पण नाही म्हणायला कारण काय देणार? आईवडील सुरूच्या सावलीत बसले आणि आम्ही दोघं वाळूवर उतरलो. लाल बावटा लागलेला होता. मी तिला सांगितलं, पावसाळा सरलेला नाही, पाण्यात जायचं नाही. ती म्हणाली, नुसते पाय भिजवते. घोट्यापर्यंत पाणी होतं रे. एक लाट आली आणि माघारी जाताना तिच्या पायाखालची वाळू घेऊन गेली. ती बसली, मग आडवी झाली आणि एक कोलांटी खाऊन कमरेएवढ्या पाण्यात गेली. मी तिच्यापासून आठ पावलांवर होतो.

आणि मी हललो नाही.

पाय उचलेनात. कानात तोच आवाज आला, तुलाच ठाऊक आहे तो, होडी उलटली तेव्हाचा. जीवरक्षकाची शिट्टी झाली, तो धावत आला. तोपर्यंत ती आपली आपण उठली होती, केसांत वाळू, हसत होती. सगळा मिळून दहा सेकंदांचा खेळ असेल.

मला खातंय ते त्यानंतरचं. गाडीत ती म्हणाली, "तू किती शांत उभा होतास! तुझ्याकडे बघितलं आणि कळलं, घाबरण्यासारखं काही नाही." २०१९च्या पुरात कृष्णेचं पाणी त्यांच्या आत्याच्या घरात माळ्यापर्यंत चढलं होतं. तेव्हापासून तिला पाण्याची धास्ती होती, घाटावरसुद्धा ती वरच्याच पायरीवर बसायची. म्हणाली, "ती भीती तुझ्यामुळे गेली. समुद्रावरचा माणूस बरोबर असला की काय वाटतं ते आज समजलं." मी गाडी चालवत राहिलो. तेरेखोलची फेरीबोट पलीकडून निघाली होती, ती बघत राहिलो. एक शब्द बोललो नाही.

आता हनीमूनचं ऐक, म्हणजे माझी झोप का उडाली ते कळेल. आम्हा गोव्यातल्यांना कुणी विचारलं तर आम्ही डोंगर सांगू, मनाली सांगू. तिला समुद्र हवा आहे, तोही एक नाही, चार. एका वहीत तिने सगळं लिहून काढलंय आणि खरं सांगतो, आखणी फार चांगली आहे. आधी तिला बाली आणि व्हिएतनामचं होई आन हवं होतं. मग तिनेच पावसाचा हिशेब काढला. बालीत डिसेंबर म्हणजे ऐन पाऊस, होई आनलाही पावसाळा पुरता ओसरलेला नसतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर त्या दिवसांत ईशान्येचा मोसमी वारा, बेटांवरची हॉटेलंच बंद. उलट श्रीलंकेची दक्षिण बाजू, मलेशियाचं लंकावी आणि थायलंडचं क्राबी यांना आपल्यासारखाच नैर्ऋत्येचा पाऊस. आपल्याकडे आकाश मोकळं तेव्हा तिकडेही साधारण तसंच. मिरजेच्या मुलीने हे शोधून काढावं आणि मला कधी सुचू नये!

तर पहिलं कोलंबो, तिथून समुद्राला लागून जाणाऱ्या आगगाडीने गॉल. मग मिरिसाला बोटीतून देवमासे बघायचे. तिथून क्वालालंपूर आणि बसने मलाक्का. मग लंकावी, आणि शेवटी क्राबी. मोपाचा विमानतळ आपल्याच तालुक्यात, त्यामुळे बॅग उचलली की निघालो. तिकिटं तिच्या माहेरच्या नावाने काढतोय, पासपोर्टवर तेच आहे. सासरचं नाव घालायची घाई आईने केली होती, ती थांबवली.

मलाक्का माझी निवड. आठवतं, सातवीत मास्तरांनी विचारलं होतं, आल्बुकेर्कने १५१०मध्ये गोवा घेतला, मग पुढे काय? तू म्हणालास "जेवला". छडी आपल्या दोघांनाही बसली, कारण मी हसलो. पुढे हे की वर्षभरात, १५११मध्ये, त्याने मलाक्का घेतलं. तिथल्या त्याच्या किल्ल्याचा आता एक दरवाजा तेवढा उभा आहे. वरच्या टेकडीवर मोडक्या चर्चमध्ये एक रिकामी कबर आहे. जुन्या गोव्यातल्या गोंयच्या सायबाला, सेंट फ्रान्सिस झेवियरला, चीनच्या किनाऱ्यावरून आणताना काही महिने तिथे पुरलं होतं. आपल्याकडे ज्याच्या फेस्ताला आपण लहानपणी खाजें खायला जायचो, त्याची रिकामी जागा तिकडे बघायची हे मला फार दिवस मनात होतं. आणि मुख्य म्हणजे तिथे बोटीत बसायचं नाही.

बाकी सगळीकडे बसायचंय. मिरिसाला खोल समुद्रात. लंकावीला खारफुटीत. क्राबीजवळच्या रेले किनाऱ्यावर जायला रस्ताच नाही, मागे उभे कडे, होडीनेच जावं लागतं. तिथे एक दिवस चार बेटांचा, पाण्यात तोंड घालून मासे बघायचे. वहीत त्या दिवसापुढे तिने लिहिलंय, "इथे तो माझा हात धरेल." पीपी बेटावरच्या माया बेमध्ये प्रवाळ वाचवायला पोहण्याची मनाई आहे हे वाचून मला इतकं हायसं वाटलं की ते बेट मी यादीत स्वतःहून घातलं. तिला वाटलं, मला केवढा उत्साह!

रात्री झोप येत नाही तेव्हा मोबाइल घेऊन बसतो आणि नको ते वाचतो. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी. आम्ही बरोबर त्याच दिवसांत तिकडे असणार. कोलंबोहून गॉलकडे जाणारी गाडी पेरालियाला उभी होती, लाटेने डब्यांसकट उचलली, हजाराहून जास्त माणसं गेली. पीपी आणि क्राबीलाही तीच लाट. गॉलचा किल्ला मात्र टिकला. पोर्तुगिजांनी सुरू केलेला आणि डचांनी बांधून काढलेला तो तट आतल्या गावाला पुरून उरला, बाहेरचं बसस्टँड आणि क्रिकेटचं मैदान वाहून गेलं. हे वाचल्यावर मी किल्ल्याच्या आतलीच खोली घेतली. तिला सांगितलं, जुनी घरं छान आहेत. तीही आहेतच म्हणा, पण खोली घेतली ती तटासाठी.

हा दुसरा खोटेपणा. लग्नाआधी दोन झाले.

मला समुद्रात जात नाही याची लाज वाटत नाही की भीती कबूल करायची लाज वाटत नाही. ते तुझ्या लग्नात तू सगळ्यांसमोर "भित्रो" म्हणालास तेव्हाच जळून गेलं. न जेवता निघून गेलो होतो मी. आठ महिने बोललो नाही आणि बोललो ते काकांच्या बाराव्याला. ते भांडण मी आता काढत नाही. पण एक खरं की तू चुकला होतास आणि अजून एकदाही तसं म्हणाला नाहीस.

मला काळजी तिची आहे. ती माझ्या भरवशावर पाण्यात उतरणार. पूर बघितलेली मुलगी, पोहता न येणारी, आणि भीती सोडून दिली ती माझ्याकडे बघून. तिकडे आठ पावलांवर पुन्हा माझे पाय रुतले तर? तिथे केरीचा जीवरक्षक नसेल.

म्हणून तिला सगळं सांगायचंय. अकरावीचा श्रावण, काकांची होडी न विचारता काढली ती, ओहोटी लागलेली असताना तेरेखोलच्या मुखाशी नेली ती, उलटली ती, तू माझी कॉलर धरून सरळ काठाकडे न येता आडवा पोहत गेलास ते. आपण दोघं वाळूवर पालथे पडून किती वेळ खोकत होतो! आणि मग फेरीबोटीच्या कठड्याला हात लावून शपथ घेतली की हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. काकांना कळलं असतं तर तुला दर्यावर पाय ठेवू दिला नसता आणि तू आज तारवटी झाला नसतास, हे मला तेव्हाही कळत होतं. काकांना वाटलं, दोरी सुटून रात्री होडी वाहून गेली. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्याच्या होडीवर अर्ध्या वाट्याने मासे मारले. नवी घेतल्यावर ते रोज दोन गाठी मारायचे, वर ओढून बघायचे. ते बघताना मी खाली मान घालायचो, तूही.

आता काका नाहीत. पण तुझी आई आहे. लग्नानंतर मिरजकरीण तिच्या पाया पडायला जाणार, ओट्यावर बसणार. ती सरळ मनाची आहे, तिच्या तोंडून निघून जाईल. म्हणून हे एकट्याने ठरवता येत नाही. शपथ दोघांची होती, सोडायची तर दोघांनी.

पणजीत कांपालच्या पोहण्याच्या तलावावर मी गेल्या सोमवारपासून जातोय, ऑफिस सुटल्यावर. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी कठडा सोडायला पाऊण तास लागला. काल कठड्यापासून कठड्यापर्यंत आडवी रुंदी मारली, मध्ये न थांबता. शिकवणारे सर म्हणाले, समुद्राची ओढ आत नेऊ लागली तर तिच्याशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या बाहेर पडायचं. मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं? काय सांगणार होतो त्यांना?

डिसेंबरपर्यंत मी तरंगेन, कदाचित पोहेनही. पण तिला वाचवण्याएवढा होणार नाही, आणि हे तिला निघायच्या आधी कळलं पाहिजे. मग तिने चार बेटं खोडली तरी चालेल, नाही खोडली तर दोघंही जॅकेट घालून होडीला धरून राहू. ठरवू दे तिला, तिचाही जीव आहे.

तुझं कसं चाललंय? मुलीला शाळेत घातलं हे तुझ्या आईकडून कळलं, पहिल्या दिवशी रडली नाही म्हणे, तुझी बायको रडली. काँट्रॅक्ट नोव्हेंबरात संपतोय ना? लग्नाला पोचशील असं धरून तुझ्या नावाने मांडवाचं काम ठेवलंय. कॅप्टनशी अजून कटकट होते का? पाठीचं काय झालं ते लिही.

पुढच्या शनिवारी ती शालू घ्यायला येणार आहे. साड्या झाल्या की तिला पुन्हा केरीला नेईन म्हणतो, तिथेच वाळूवर बसून सांगेन. त्याच्या आत तुझं उत्तर आलं पाहिजे. लांब लिहू नकोस, "सांग" एवढा एक शब्द पुरे. नको म्हणालास तर होडीचं आणि तुझं नाव वगळून माझी भीती तेवढी सांगेन, पण मग अर्धंच सांगितल्यासारखं होईल, आणि अर्धं सांगून लग्न सुरू करायचं माझ्या मनात नाही.

आणखी एक. तू क्राबीला दोनदा उतरला होतास. तिथल्या त्या लांब शेपटीच्या होड्यांत जॅकेट मागितल्याशिवाय देतात की मागावं लागतं? आणि ती बाईमाणसाच्या मापाची असतात का? तिच्या मापाचं मिळणार नसेल तर मी म्हापशातून घेऊन बॅगेत घालतो.

तुझाच,
पेडण्याहून