नेमॉरची दाढी

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला सुपरहिरोंवरचा लेख वाचला. विस्मरणात गेलेल्या पात्राला नवा पोशाख चढवला की ते जिवंत होते, हे काही पटले नाही. १९६२ साली 'फॅन्टास्टिक फोर' या अमेरिकी कॉमिकच्या चौथ्या अंकात समुद्राखालच्या राज्याचा राजपुत्र असलेला जुना सुपरहिरो नेमॉर परतला तो दाढी वाढलेला, स्वतःचे नावही विसरलेला फाटका माणूस म्हणून. त्या चौकडीतला, अंगातून आग काढणारा जॉनी बोटांतल्या ज्वाळेने त्याची दाढी उतरवतो आणि खाली जुनाच चेहरा! त्या अंकाचा चित्रकार जॅक कर्बी याची रेषा मात्र चौकोनी, दणकट. नेमॉरचा मूळ निर्माता बिल एव्हरेट याची सळसळती. त्याचे पाणी खरोखर ओले वाटते. १९७२ मध्ये एव्हरेट स्वतःच त्या पात्राकडे पुन्हा वळला. मला विचाराल तर नेमॉर त्याचाच. (कर्बीभक्तांनी रागावू नये.) एवढ्या मोठ्या लेखात एकाही चित्रकाराचे नाव नसावे, हे खटकले.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, मिरज