‘गलाता कुलेसी बुरूज’ नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इस्तंबूलवरच्या मराठी प्रवासलेखांत ‘तक्सीम मेयदानी चौक’, ‘गलाता कुलेसी बुरूज’ अशी नावे वाचायला मिळतात. यातले ‘ई’ आणि ‘सी’ हे मूळ शब्दांचे भाग नाहीत, ते स्वामित्वाचे प्रत्यय आहेत. मूळ शब्द ‘मेयदान’, म्हणजे आपले मैदानच, आणि ‘कुले’ म्हणजे बुरूज. ‘गलाता कुलेसी’ म्हणजे शब्दशः ‘गलाता, त्याचा बुरूज’. पुढे पुन्हा बुरूज लिहिला की तो दोनदा होतो.

मराठीत ‘अलीचे घर’ म्हणताना प्रत्यय फक्त मालकाला लागतो. तुर्कीत तो दोघांनाही लागतो: ‘अलीनिन एवी’. ‘निन’ षष्ठीचा, आणि ‘एव’ (घर) याच्या पुढचा ‘ई’ म्हणजे ‘त्याचे’. स्थळनावांत पहिल्या शब्दाला षष्ठी लागत नाही, दुसऱ्याचा प्रत्यय मात्र राहतो. शब्द व्यंजनान्त असेल तर नुसता स्वर, स्वरान्त असेल तर आधी ‘स’: ‘साराय’चे (राजवाडा) ‘सारायी’, पण ‘जाद्दे’चे (हमरस्ता) ‘जाद्देसी’, ‘क्योप्रू’चे (पूल) ‘क्योप्रूसू’. प्रत्ययातला स्वर शब्दाच्या शेवटच्या स्वराशी जुळवून घेतो. मशिदीच्या नावात मात्र ‘सुलेमानिये जामिई’ असे ‘स’शिवाय लिहितात, कारण ‘जामी’ या मूळ अरबी शब्दाच्या शेवटी ‘ऐन’ हे व्यंजन होते.

विभक्ती सर्वांत शेवटी येते. ‘एव-लेर-इमिझ-देन’: घर, अनेकवचन, आमचे, हून, म्हणजे ‘आमच्या घरांहून’. हा क्रम मोडत नाही. शिकणारे अडतात ते ‘त्याच्या घरात’पाशी. ‘एवी’ला ‘दे’ जोडून ‘एविदे’ होत नाही. मध्ये ‘न’ येऊन ‘एविन्दे’ होते. ‘तुझे घर’ म्हणजे ‘एविन’, त्याला ‘दे’ जोडले तरी ‘एविन्दे’च! घोटाळा टाळायला आधी ‘सेनिन’ (तुझ्या) किंवा ‘ओनुन’ (त्याच्या) घालावे.

तेव्हा मराठीत ‘तक्सीम मैदान’, ‘गलाता बुरूज’ असे सरळ लिहावे. मूळ नाव हवे असेल तर ‘गलाता कुलेसी’ एवढ्यावर थांबावे. मात्र ‘तोपकापी सारायी’ लिहिताना जपावे. ‘तोप’ ही आपलीच तोफ आणि ‘कापी’ म्हणजे दरवाजा. त्यातला ‘ई’ शब्दाचा स्वतःचा आहे. गाळायचा तर ‘सारायी’तला गाळावा, ‘कापी’तला नव्हे.

– तुर्की भाषेचा एक अभ्यासक, पुणे