कॅमेरे आहेत, पासवर्ड कुणाकडे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोनसाखळी ओढली, गाडी चोरीला गेली, कुणाला ठोकर देऊन वाहन पळाले, की तपासाला आलेले पोलिस आधी विचारतात, 'सीसीटीव्ही आहे का?' बहुतेक सोसायट्यांत आता तो असतो. गाडी अडते ती पासवर्डपाशी.

आमच्या भागात मागच्या पावसाळ्यात एका आजींची सोनसाखळी भरसकाळी ओढली गेली. चोरटे दुचाकीवरून ज्या इमारतीच्या गेटसमोरून गेले, तिथला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, वॉचमनच्या केबिनमध्ये होता. पडद्यावर चालू चित्र स्वच्छ दिसत होते, पण मागचे रेकॉर्डिंग उघडायला पासवर्ड हवा. सचिवांनी अध्यक्षांकडे बोट दाखवले, अध्यक्षांनी कॅमेरे बसवणाऱ्याकडे, आणि त्याचा फोन लागेना. मग कुणीतरी अंदाजाने आकडे टाकत बसले आणि यंत्रच लॉक झाले. कंपनीकडून ते उघडून मिळेपर्यंत हार्डडिस्क भरून त्या सकाळवर नवे रेकॉर्डिंग चढले होते. चोरटे आजतागायत सापडलेले नाहीत.

कायद्यात याबाबत संदिग्धता नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलिस ठाण्याचे प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन असे चित्रण मागवू शकतात. सोसायटीनेही तो लेखी आदेश मागून घ्यावा आणि काय दिले याची पोच ठेवावी. त्यात पोलिसांचा अविश्वास नाही. पण पासवर्डच कुणाला ठाऊक नसेल, तर आदेश हातात असून उपयोग काय?

चित्रण मिळाले तरी ते कसे घेतले यावर पुढचे सगळे ठरते. पडद्यासमोर मोबाइल धरून व्हिडिओ काढण्याची पद्धत सर्रास दिसते. आरोपी ओळखायला ती कामी येते, न्यायालयात मात्र ती फार लंगडी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रत सादर करताना प्रमाणपत्र लागते. त्यावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही हवी, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ओळख-आकडा. चित्रणात किंचित फेरफार झाला तरी हा आकडा बदलतो. अशा प्रमाणपत्राचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ज्या खटल्यात धरला, तो आपल्या जालन्याचाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मुदतीनंतर घेतला गेला का, हे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांवरून ठरायचे होते आणि अधिकारी प्रमाणपत्रच देत नव्हते. त्याआधीच्या, वाराणसीच्या हॉटेलातल्या एका इटालियन पर्यटकाच्या मृत्यूच्या खटल्यात हॉटेलचे सीसीटीव्ही चित्रण न्यायालयापुढे आणलेच नाही. तपासातली ती मोठी उणीव ठरली आणि शिक्षा झालेले दोघे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष सुटले. खरे-खोटे सांगू शकणारा पुरावा गहाळ राहिला, की फिर्यादी आणि आरोपी दोघांवरही अन्याय होऊ शकतो.

म्हणून पोलिस ठाण्यांना विनंती, की घटनेच्या दिवशीच येऊन प्रत घ्यावी. डीव्हीआरचे घड्याळ पुष्कळदा पुढे-मागे असते, तो फरक पंचनाम्यात लिहावा. नाहीतर गुन्हा घडला एका वेळी आणि चित्रणात दिसतो दुसऱ्याच वेळी, असा घोळ उलटतपासणीत पुढे येतो. पासवर्ड मिळत नसेल तर कुणालाही आकडे टाकू देऊ नयेत. पोलिसांच्या सल्ल्याने, वेळ नोंदवून यंत्र बंद ठेवले तर निदान जुने चित्रण पुसले जाणे थांबते.

सोसायट्यांनी मुख्य पासवर्ड बसवणाऱ्याच्या भरवशावर सोडू नये. तो बदलून घ्यावा आणि सीलबंद लिफाफ्यात सचिवांच्या कपाटात ठेवावा. केबिनच्या भिंतीवर चिकटवून तर मुळीच ठेवू नये. चित्रणात आपल्याच लेकीसुनांची ये-जा असते; ते पोलिसांना द्यायचे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवायचे नाही. समिती बदलताना दप्तरासोबत हा लिफाफाही पोचपावती घेऊन सोपवावा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. यंदाच्या विषयपत्रिकेत हा विषय घेण्याची सूचना सहकार खात्याने सर्व गृहनिर्माण संस्थांना परिपत्रक काढून द्यावी.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा सभासद, ठाणे