कच्च्या कैद्याची तारीख काढायला शिकवा

महोदय,

कारागृह प्रशासनाच्या अभ्यासक्रमात नुसती कलमे पाठ करून भागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९नुसार, पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने (खटल्याचा निकाल लागायचा असलेल्या) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की कारागृह अधीक्षकांनी त्याला जामिनावर सोडण्यासाठी न्यायालयाकडे लगेच लेखी अर्ज करायचा. इतरांसाठी निम्मा काळ. साध्या चोरीला कमाल ३ वर्षे, म्हणजे पहिल्याला १ वर्ष. हिशेब सोपा, चूक होते ती कागदपत्रांत. दुसरा खटला प्रलंबित असेल किंवा गुन्हा फाशी-जन्मठेपेचा असेल तर ही सवलत नाही, आणि आरोपीमुळे झालेला विलंब वजा होतो. म्हणून वर्गात विद्यार्थ्यांपुढे नमुन्याची रिमांड वॉरंटे (कोठडीत ठेवण्याचे न्यायालयाचे आदेश) ठेवावीत, आधीची शिक्षा व इतर खटले तपासायला लावावेत, मगच अर्जाची तारीख काढून घ्यावी. गुण अर्जाच्या मसुद्यालाही हवेत.

— एक वाचक, पुणे