बाटल्या धुणाऱ्याचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीपासूनच संशोधन करा, असे सांगणारा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकाची तळमळ पोहोचली. फक्त ‘हल्लीच्या विद्यार्थ्यांत जिज्ञासाच उरलेली नाही’ या वाक्यापाशी मी काल अडले, ती आज सकाळीही तिथेच अडलेली आहे.

लेखात आल्फ्रेड स्टर्टेव्हंटची गोष्ट मोठ्या चवीने सांगितली आहे. १९११ साली कोलंबिया विद्यापीठातला हा १९ वर्षांचा पोरगा फळमाश्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मॉर्गनच्या प्रयोगशाळेतली आकडेवारी घरी घेऊन गेला, कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारला आणि एका रात्रीत गुणसूत्रावर कोणते जनुक कुठे बसते याचा पहिला नकाशा मांडून मोकळा झाला. गोष्ट खरी आहे. पण त्या रात्री तो जे आकडे घेऊन बसला होता, ते कुणीतरी महिनोन्‌महिने माश्या मोजून जमवले होते. त्याच खोलीत कॅल्विन ब्रिजेस नावाचा दुसरा पदवीचा विद्यार्थी होता. तो आला होता माश्या पाळायच्या बाटल्या धुवायला, पगारावर. धुता धुता बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्याच लाल डोळ्यांची एक माशी दिसली आणि मॉर्गनने त्याला बसायला टेबल दिले. लेखात ब्रिजेस नाही. बाटल्या धुणारे लेखांत नसतातच म्हणा.

मीही त्या माश्यांच्या बाटल्या धुतल्या आहेत. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुटीत दोन महिन्यांचा प्रकल्प मिळाला होता. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे पत्रही आले, सहीशिक्क्यासकट. मक्याचे पीठ, यीस्ट आणि अगार शिजवून बाटल्यांत ओतायचे, कापसाचे बूच लावायचे, माश्यांना ईथरने गुंगवून बारीक कुंचल्याने नर एकीकडे, माद्या एकीकडे करायच्या. दहाबारा दिवसांत नवी पिढी हजर! पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून ईथर जास्त झाले आणि अख्खी बाटली मेली. (पंख अंगापासून काटकोनात उभे राहिले की समजायचे, गेली.) मला रडू फुटायच्या बेतात होते. सर रागावले नाहीत. ‘वहीत लिही,’ एवढेच म्हणाले. तीन वर्षांत मला मिळालेले विज्ञानाचे शिक्षण म्हणजे ते दोन शब्द. वर्गातल्या प्रात्यक्षिकांत उत्तर आधीच ठाऊक असायचे, आणि चुकीचा आकडा आला तर तो खोडून शेजारणीचा उतरवायची रीत होती.

शिष्यवृत्तीचे पैसे सुटी संपली तरी आले नाहीत. जाण्यायेण्याचा खर्च मैत्रिणीकडून उसने घेऊन भागवला होता. पुढच्या सुटीत काम पुरे करायचे होते. एका संकरात नरांची संख्या सारखी कमी भरत होती आणि का ते कळत नव्हते. पण उसने फिटलेले नव्हते, म्हणून शिकवण्या धरल्या. माझ्या जागी एक मुलगा आला, ज्याला पैशांची घाई नव्हती. हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. शोधनिबंध निघाला, आज तो प्राध्यापक आहे. निबंधाच्या शेवटी आभारांत माझे आडनाव आहे. चुकीचे छापलेले.

मी विमा कचेरीत चिकटून महिना झाल्यावर शिष्यवृत्ती कार्यालयाचे पत्र आले. म्हणजे प्रकल्पानंतर तब्बल चौदा महिन्यांनी. मजकूर असा, की रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र (म्हणजे ती खर्च झाल्याचा दाखला) सादर केल्याशिवाय रक्कम अदा करता येणार नाही. संपादक महोदय, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. मी अजून वाचते.

आता त्या जिज्ञासेविषयी. शिष्यवृत्तीने कुणाची बुद्धी वाढत नाही. तिच्यामुळे दोन महिने शिकवण्या न घेता माश्या मोजता येतात, आणि मोजता मोजता प्रश्न पडतात. पैसे चौदा महिने आलेच नाहीत तर प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी पडतात.

‘खरी गुणवत्ता मागे राहत नाही,’ असेही लेखकमहाशय म्हणतात. न्यूझीलंडमधल्या रदरफर्डला ज्या शिष्यवृत्तीने १८९५ साली केंब्रिजला नेले, ती आधी दुसऱ्याच उमेदवाराला दिली होती. त्याने नाकारली, म्हणून याचा नंबर लागला. अणूचे केंद्रक शोधणारा माणूस प्रतीक्षायादीतला होता! पहिल्याने नाही म्हटले नसते, तर आपल्या लेखकांनी रदरफर्डचीही जिज्ञासा काढली असती.

पुढच्या लेखात त्यांनी एवढेच करावे. शिष्यवृत्ती मंजूर झाल्याची तारीख आणि ती हातात पडल्याची तारीख, अशा दहा विद्यार्थ्यांच्या तारखा शेजारी शेजारी छापाव्यात. उपदेश नंतर वाचू.

आपली,
एक जुनी वाचक

ता. क. लेखासोबतचे छायाचित्र फळमाशीचे नाही, घरमाशीचे आहे. पाठीवरचे चार काळे पट्टे स्पष्ट दिसतात. फळमाशी जेमतेम तीन मिलिमीटरची, पिकल्या केळ्यावर घोंघावते ते चिलट. गेल्या वर्षीही मी हे कळवले होते. तेव्हाही हीच माशी होती.