विसरलास, की लक्षच नव्हतं?

नेरूळ

चि. सोन्या यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, डोकंच चालत नाही माझं" एवढं म्हणालास आणि लगेच विषय बदललास. हेच वाक्य ओपीडीत म्हणालास तर डॉक्टर म्हणतील, "होतं असं, हळूहळू जाईल," आणि पुढची फाईल उघडतील. त्यांचंही चुकत नाही, बहुतेकांचं खरंच जातं. पण त्या बहुतेकांत तू आहेस का, हे त्या एका वाक्यावरून कुणालाच कळणार नाही. फोनवर सांगितलेलं सध्या तुझ्याकडे राहत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. फ्रिजवर लावून ठेव.

पेशंट लोक याला केमो ब्रेन म्हणतात. नाव थोडं फसवं आहे, कारण सगळं खापर केमोवर फुटतं. काहींना हा मंदपणा पहिली सलाईन लागायच्या आधीच जाणवतो. आजार स्वतः, भूल, रेडिएशन, स्टिरॉइड, उतरलेलं हिमोग्लोबिन, मोडलेली झोप आणि मनातली धास्ती, असे अनेक हात त्याला लागलेले असतात. शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं ते तुला लख्ख आठवेल, सकाळची गोळी घेतली का ते आठवणार नाही. शब्द ओठावर येऊन अडेल, एका वेळी दोन कामं झेपणार नाहीत, वाचलेलं पान परत वाचावं लागेल. उपचार संपल्यावर ६ महिने ते वर्षभरात बऱ्याच जणांचं सुधारतं, काहींना त्याहून बराच जास्त काळ लागतो. तुझे सात झालेत. सात महिन्यांनी पूर्वीसारखं नसणं यात नवल नाही. आता फक्त एक बघायचं : महिन्यामहिन्याला सुधारतंय की घसरतंय.

आता मुद्द्याचं. तू ज्याला विसरणं म्हणतोस त्यातलं निम्मं तरी विसरणं नसावं, असा माझा अंदाज आहे. ट्रान्स हार्बर लोकलमध्ये बसलास आणि ऐरोली सोडून रबाळ्याला उतरलास, यात स्मरणशक्तीचा काही संबंध नाही. ऐरोली आलं हे डोक्यात शिरलंच नाही, तर राहणार काय? किल्ल्या ठेवताना फोनवर बोलत होतास, म्हणजे त्या कुठे ठेवल्या याची नोंदच झाली नाही. हे लक्षाचं दुखणं. दुसरा प्रकार असा, की आत आहे पण बाहेर येत नाही. सूनबाईने "अरे, भाजीवाल्याकडून काय आणायचं होतं?" म्हटल्याबरोबर "हां, कोथिंबीर!" आलं, तर नोंद शाबूत आहे, फक्त काढायला वेळ लागतोय. तिसरा प्रकार मात्र वेगळा. कालचं अख्खं बोलणं तिने आठवून दिलं तरी "असं आपण बोललोच नाही" असं वाटलं, आणि हे पुन्हा पुन्हा झालं, तर वाट न बघता दाखवायचं. या तिन्हींतला फरक डॉक्टरांना फार कामाचा असतो आणि तो घरातच समजतो.

म्हणून १४ दिवस एक वही ठेव. मोबाईलमध्ये नको, तिथे गेलास की नोटिफिकेशनमध्ये हरवशील. नोंद अशी हवी :

"मंगळवार, सकाळी ११. मीटिंगमध्ये 'कोटेशन' शब्द सुचेना, 'ते दरपत्रक' म्हणून वेळ मारून नेली. पाच मिनिटांनी आपोआप आठवला. रात्री झोप ४ तास. पायाच्या मुंग्यांची गोळी रात्री ११ला घेतली. सकाळी नुसता चहा."

काय चुकलं, किती वाजता, सूचना मिळाल्यावर आठवलं का, आदल्या रात्रीची झोप, त्या दिवसाच्या गोळ्या, खाणं. मागच्या पानावर सूनबाईने तिला दिसलेलं लिहायचं, तुला न दाखवता. तिच्या यादीपेक्षा तुझी मोठी निघाली तर मला जरा बरं वाटेल. आपल्या चुका आपल्याला दिसणं हे सहसा थकवा, चिंता, केमोनंतरचा मंदपणा यांत असतं. घरच्यांना दहा गोष्टी दिसतात आणि पेशंटला एकही नाही, असं असेल तर लवकर तपासायला हवं.

वही भरेपर्यंत ज्यांच्यासाठी थांबायचं नाही त्या गोष्टी आता सांगते. हा परिच्छेद सूनबाईला वाचून दाखव, कारण त्या वेळी तुला स्वतःला कळेलच असं नाही. एकाएकी तोंड वाकडं होणं, एका हातापायातला जोर जाणं, बोलणं अडखळणं किंवा समोरच्याचं बोलणं न समजणं : हा स्ट्रोक असू शकतो, तिने १०८ लावायचा किंवा तुला २४ तास सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात थेट न्यायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून तू शेवटचा ठीक कधी दिसलास ती वेळ चिठ्ठीवर लिहून घ्यायची. आधी फॅमिली डॉक्टरला दाखवू, बीपी बघू, असं करण्यात तो वेळ जातो. फिट येणं, तास-दोन तासांत किंवा दिवसाभरात भ्रम होणं, उठवूनही नीट जाग न येणं, तापाबरोबर बडबडणं, हेही लगेच, रात्र असली तरी. ज्याची केमो चालू आहे त्याला १००.४ फॅरनहाइट ताप हीच इमर्जन्सी असते, डोकं ठिकाणावर असलं तरी. खूप तहान, बद्धकोष्ठ, उलट्या आणि गुंगी एकत्र आली तर कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. मळमळ, डोकेदुखी आणि गोंधळलेपण असेल तर सोडियम उतरलेलं असू शकतं. दोन्ही रक्ताच्या एका तपासणीत कळतं आणि दोन्हींवर उपाय आहे, पण घरी बसून नाही.

आठवड्याच्या आत दाखवण्याच्या गोष्टी निराळ्या. सकाळी उठल्यावर वाढणारी नवी डोकेदुखी, एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना एका बाजूला झुकणं, नेहमीच्या गल्लीत रस्ता चुकणं, गॅस दोनदा चालू राहणं, एकच बिल दोनदा भरणं, स्वभाव एकदम बदलणं. आणि महिन्याभरात सुधारण्याऐवजी घसरण दिसली तर, घसरण छोटी असली तरी.

आता तुझी औषधं. केमोनंतर पायांना मुंग्या येतात म्हणून प्रीगॅबालिन चालू आहे, झोप लागत नाही म्हणून क्लोनाझेपाम, आणि सर्दी झाली की तू केमिस्टकडून लाल-पिवळी गोळी आणतोसच. तिन्ही गुंगी आणणारी. एकेक घेतली तर झेपते, तिन्ही एका रात्रीत गेल्या की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. सर्दीच्या बऱ्याच जुन्या औषधांत क्लोरफेनिरामिन असतं, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात वाचून बघ. पण म्हणून उद्यापासून स्वतःच काही बंद करू नकोस. क्लोनाझेपाम आणि प्रीगॅबालिन एकदम तोडली तर झोप उडते, घबराट होते, फिटही येऊ शकते. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. तोवर रात्रीच्या गोळ्या उशिरा घेऊ नकोस, आणि ज्या सकाळी जड वाटेल त्या दिवशी बाइकला हात लावायचा नाही. घोडबंदर रोड तर नाहीच.

गोळी घेतली का, हा प्रश्न रोज छळतो ना? स्ट्रिपच्या मागच्या बाजूला पेनाने प्रत्येक गोळीखाली वार लिही : सो, मं, बु. खाच फुटलेली दिसली की घेतली. खात्री नसेल तर दुसरी घ्यायची नाही. चुकलेली गोळी भरून काढायला दोन घेणं ही विसरण्यापेक्षा मोठी चूक.

रक्ताच्या तपासण्यांत तुझ्या बाबतीत सगळ्यात वरची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. मानेला रेडिएशन घेतलेल्यांची थायरॉइड काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी मंदावू शकते. थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं आणि मंद डोकं या सगळ्याची केमो ब्रेन म्हणून बोळवण होते आणि वर्ष निघून जातं. सर्वसाधारण आकडा ०.४ ते ४ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडा इकडेतिकडे; थायरॉइड मंदावली की तो वाढतो. गोळी लागलीच तर सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, चहा अर्धा ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी ४ तास लांब. ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, त्याआधी आकडा स्थिर होत नाही.

त्यानंतर बी-१२. आपलं घर शाकाहारी, त्यात तू अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल कित्येक महिने घेतोयस, म्हणजे कमी असण्याची दोन कारणं आयतीच आहेत. २००च्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा, तिथे होमोसिस्टीनसारखी दुसरी तपासणी लागू शकते. मुंग्यांचं कारणही अंशतः हेच असू शकतं, म्हणून लांबवू नकोस. हिमोग्लोबिन, सोडियम, कॅल्शियम, साखर, क्रिएटिनिन, लिव्हर, हे सोबत होऊन जाईल.

झोपेचं विचारलं की तू "झोपतो की" म्हणतोस. घोरतोस का, झोपेत श्वास अडकतो का, हे तुला कसं कळणार? सूनबाईला विचार. तसं असेल तर गोळी देणं उलट वाईट, झोपेची तपासणी लागते. मनाचंही तसंच. दोन आठवडे सलग कशातच रस नाही, रडू येतं, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर त्याचाच परिणाम लक्षावर होतो आणि त्याला औषध आहे. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. मलाही लागतो फोन, पण मी आई आहे, तिथे तुला मोकळेपणाने बोलता येईल.

खारघरच्या कॅन्सर हॉस्पिटलला फॉलोअपला जाशील तेव्हा वहीवरून एकच पान तयार करून ने. वर लिही : "ऑफिसच्या कामात चुका होतात, १४ दिवसांत इतक्या वेळा, सूचना मिळाली की आठवतं, सुरुवात केमोच्या अमुक सायकलनंतर." खाली औषधांची यादी, डोसासकट. आयुर्वेदिकही लिही. अश्वगंधा थायरॉइडच्या आकड्यांत फरक पाडू शकते आणि काहींच्या लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. जिंको या वनस्पतीच्या गोळ्यांनी डोकं तल्लख होतं म्हणतात, पण केमोनंतरच्या या त्रासात त्याचा उपयोग दिसलेला नाही आणि रक्तस्रावाची भीती मात्र वाढते. तीस मार्कांची जी छोटी परीक्षा घेतात तिच्यात तुला २९ पडले तरी "सगळं ठीक" म्हणून उठू नकोस. ती डिमेन्शिया गाळायला केलेली आहे, तुझ्यासारखी बारीक अडचण तिच्या जाळीतून निसटते. काम करताना अडतंय हे सांग आणि न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंगबद्दल विचार. त्याला दोन-तीन तास लागतात, लक्ष, वेग, स्मरण वेगवेगळं मोजतात. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही, आणि नॉर्मल आला म्हणून तुझी तक्रार खोटी ठरत नाही.

तोवर ऑफिसात अवघड काम सकाळी पहिल्या दोन तासांत घे. ४५ मिनिटं एकच काम, फोन दुसऱ्या खोलीत, मग १० मिनिटं उठून फिरणं. मीटिंग संपताना "म्हणजे मी काय काय करायचं?" असं मोठ्याने म्हणून लिहून घे. किल्ल्यांना दारामागे एक खिळा, आणि त्या खिळ्यालाच. कुकर लावलास की शिट्टीच्या भरवशावर न राहता टायमर, आणि टायमर वाजेपर्यंत स्वयंपाकघर सोडायचं नाही. सुडोकू सोडवून सुडोकू चांगलं येतं, भाजी आठवत नाही. चालणं त्याहून उपयोगाचं : आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगाने. ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी गर्दीत वेग लागत नाही, सकाळी सहाला जा किंवा उपवनकडे.

शनिवारी येताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून आण, अर्ध्या संपलेल्या, एक्स्पायरी झालेल्या, सगळ्या. टेबलावर ओतून बघू.

तुझी,
आई

ता. क. केस लवकर यावेत म्हणून ज्या गोळ्या घेतोयस त्यात बायोटिन हे व्हिटॅमिन असतं. त्यामुळे काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटा कमी दिसतो, म्हणजे मंद थायरॉइड झाकली जाते. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेव, आणि लॅबवाल्याला सांग.