मोकळा रकाना

कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला पत्र नाही की फोन नाही. त्याबद्दल तू मनात जे काही म्हणत असशील ते सगळे मान्य. माझा गुडघा आहे तसाच आहे आणि सुमनचा रक्तदाब गोळीवर ठीक आहे. आज लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि ती इथे कोणाला सांगता येत नाही, कारण ती कळायला समोरच्याला आपली १९८९ सालची प्रयोगशाळा ठाऊक असावी लागते.

गेल्या महिन्यात माझ्याकडच्या नव्या विद्यार्थिनीला पंचगंगेच्या पाण्याचे जुने आकडे तुलनेसाठी हवे होते, म्हणून माझ्याच एका विद्यार्थ्याचा २०२२ सालचा प्रबंध कपाटातून काढला. नदीवरची चार ठिकाणे, बारा महिने, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू. तक्ता उतरवता उतरवता ती म्हणाली, "सर, ऑगस्टचा नमुना ७ तारखेचा आहे, २०१९." मी 'बरं' म्हणालो आणि मग माझा चहा गार होईपर्यंत मला पुढे बोलता आले नाही. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, अर्धे गाव छतावर होते, आणि आमचा हा गडी म्हणे चारही ठिकाणी जाऊन बाटल्या भरून आला. तू म्हणशील, पोहत गेला असेल, आपल्याकडची पोरे जातातही. पण बाटलीत हवेचा एक बुडबुडाही न शिरू देता? तो शिरला की प्राणवायूचे मोजमापच बिघडते.

त्याची प्रयोगवही मागवली. इतर प्रत्येक महिन्याला ब्युरेटच्या, म्हणजे द्रावण मोजून सोडायच्या नळीच्या, सुरुवातीच्या आणि शेवटच्या नोंदी आहेत, स्टार्चचा निळा रंग जाताना तीन-तीन वेळा घेतलेल्या, कडेला थायोसल्फेटचे डाग. ऑगस्टच्या पानावर नोंद एकही नाही, एकदम उत्तरे. पहिल्या ठिकाणी जुलै ६.१, सप्टेंबर ६.७ आणि ऑगस्ट ६.४, दुसऱ्या ठिकाणी ५.८, ६.४ आणि ६.१. चारही ठिकाणी मागच्या-पुढच्या महिन्याची नेमकी सरासरी. मग दोन रात्री उरलेल्या सगळ्या नोंदींचे शेवटचे अंक मोजत बसलो, कारण मनाने रचलेल्या आकड्यांत माणसाचे आवडते अंक पुन्हा पुन्हा डोकावतात. तिथे तसे काही दिसले नाही. म्हणजे लबाडी एका महिन्याची, चार आकड्यांची. पण या प्रबंधावरून छापलेल्या शोधनिबंधात पुराच्या महिन्यातल्या प्राणवायूवर जो अख्खा परिच्छेद आहे, तो या चार आकड्यांवरच उभा आहे, आणि त्या निबंधावर दुसरे नाव माझे आहे.

त्याला बोलावून घेतले. तो आता एका कॉलेजात शिकवतो. त्याने काही लपवले नाही, उलट मलाच विचारले, "सर, तुम्हीच म्हणाला होता ना, तक्त्यात मोकळा रकाना दिसला की परीक्षक तिथेच बोट ठेवतात?" म्हणालो होतो, बापू. अगदी याच शब्दांत, आणि ऑगस्टच्या पानाखाली सहीसुद्धा माझीच आहे.

वरिष्ठांच्या कानावर घातले तर त्यांनी साम्य-तपासणीचा अहवाल पुढे केला: ८ टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, ६० च्या वर गेले तर नोंदणी रद्द. तेव्हा तुम्ही कशाला घोर लावून घेता? आता यांना कसे सांगावे की ते सॉफ्टवेअर उचललेला मजकूर शोधते, आणि रचलेला आकडा कुठूनच उचललेला नसल्यामुळे त्या यंत्राच्या लेखी तो अस्सल ठरतो!

तुला आठवते का, जीवाश्मशास्त्रज्ञ गुप्तांचे प्रकरण 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आले तेव्हा रंकाळ्याच्या कठड्यावर आपण केवढे भांडलो होतो? मोरोक्कोचे आणि न्यूयॉर्कचे जीवाश्म हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षे छापले गेले, आणि तुझा एकच धोशा, "सहलेखक काय करत होते?" मी त्यांची वकिली करत होतो. पुढे २००२ साली अमेरिकेतल्या बेल लॅबच्या श्यॉन या भौतिकशास्त्रज्ञाचे रचलेले आकडे उघडकीला आले, वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत मोजमापातली बारीक थरथर हुबेहूब एकच सापडली, तेव्हा चौकशी समितीने सहलेखकांना दोषमुक्त केले, हे मी तुला मुद्दाम फोन करून कळवले होते. त्याच समितीने सहलेखकाची जबाबदारी कुठवर, हा प्रश्नही उभा केला होता. तेवढे मात्र मी फोनवर गाळले.

आणखी एक गोष्ट गाळली आहे, ती छत्तीस वर्षांपूर्वीची. वार्षिक प्रात्यक्षिकात तू पहिल्यापासून पेनाने लिहीत होतास, म्हणून तुझ्या वहीत ब्युरेटच्या तीन नोंदी १२.४, १२.७, १२.३ अशा न जुळणाऱ्या राहिल्या आणि सरांनी गुण कापले. माझे तिन्ही १२.४ होते. तू त्या संध्याकाळी विचारलेस, मी शपथेवर नाही म्हणालो, आणि पुढे अख्खे सत्र आपण बोललो नाही. बापू, माझे आकडे पेन्सिलीने लिहिलेले होते. १२.६ आणि १२.२ मी खोडले आणि मग वर शाई फिरवली. त्या चार गुणांवर मी पहिला आलो आणि इथली नोकरी मिळाली. आता त्या पोराला मी काय तोंडाने बोलू?

निबंध मागे घेण्याचे पत्र संपादकांना लिहून ठेवले आहे. पोराने सही करायचे कबूल केले आहे, रडला थोडा. ऑगस्टचे आकडे त्याचे आणि ते न तपासता दिलेली सही माझी, असे दोन्ही त्यात आहे. वरिष्ठ म्हणतात, निवृत्तीला दोन वर्षे राहिली असताना ही नसती उठाठेव. सुमन काहीच म्हणत नाही, म्हणजे तिला पटले आहे.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, तारीख कळव, आम्ही दोघेही येऊ. वहिनींना नमस्कार. तुझ्या नव्या घराचा पत्ता अजून माझ्याकडे नाही, म्हणून हे जुन्याच पत्त्यावर टाकतो आहे.

संपादकांच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. पुढच्या सोमवारपर्यंत थांबतो. जिथे मी स्वतःला सांभाळून घेतले आहे असे वाटेल तिथे खूण कर, आणि पेनाने कर.

तुझा,
दिनकर